कुंकू न लागणारी गाडी

गेल्या दसऱ्याला नाशिकजवळच्या आमच्या आडगावच्या अंगणात दोन गाड्या धुऊन-पुसून शेजारी उभ्या होत्या. दोन्ही मालाचे ट्रक, एक नानांची जुनी लाल टाटा ४०७ आणि दुसरी माझी जूनमध्ये घेतलेली पांढरी चौदा फुटी. आईने वाटीत कुंकू कालवलं, ४०७ च्या आखूड बोनेटवर सवयीच्या हाताने स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या आणि नव्या गाडीकडे वळली. काचेखालच्या पत्र्यावर बोट टेकवून तिने उभी रेघ ओढली. रेघ उमटली आणि बघता बघता तिचे मणी झाले. मणी घरंगळत खाली बंपरवर गेले. तिने परत ओढली, परत मणी.

"अरे, हिला कुंकू का लागंना?"

नाना पायरीवर बसून झेंडूची माळ ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "साडेअकरा हजार त्याचेच दिलेत ना त्याने. काही लागू नये म्हणून."

हे साडेअकरा हजार नव्या गाडीच्या सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे रंग जपायला त्यावर चढवतात त्या पातळ, कडक थराचे. ४०७ ला त्याच आठवड्यात साडेसहाशे रुपयांच्या डब्यातलं वॅक्स लावलं होतं. आता सव्वा वर्ष झालं. दोन्ही गाड्या एकाच अंगणात उभ्या राहतात आणि दोन्हींना पाणी एकाच बोअरचं. धुणारा माणूसही एकच, आमचे ड्रायव्हर. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणतो.

रंगाची एवढी काळजी ट्रकला कशाला, हा प्रश्न मला निम्म्या आडगावाने विचारला. त्याला कारण ४०७ च होती. ती २००९ ची. मधे एकदा पेंटरकडून पूर्ण रंगवून घेतली, तरी चार-पाच वर्षांत तिचा लाल रंग जुन्या कौलासारखा विटला. टेकून उभं राहिलं की शर्टाच्या पाठीला लाल भुकटी लागायची. आमच्या मालवाहतुकीच्या धंद्यात गाडी सोसतेही बरंच. टोमॅटोच्या दिवसांत कॅरेटमधून गळणारा रस, रात्री कसारा घाटातला पाऊस आणि पुढच्या गाडीचा धूर. पावसाळ्यात द्राक्षबागेच्या बांधावर गाडी लावली आणि शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर फिरला की मोरचूद-चुन्याचे निळसर शिंतोडे केबिनभर. शिवाय २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात निघालेली कामं. द्वारका चौकातून आडगाव नाक्याला यायचं म्हणजे धुळीत आंघोळ.

माझ्या मावसभावाने त्याच्या कारला कोटिंग केलं होतं. त्याने पाथर्डी फाट्याकडच्या, कोटिंग करणाऱ्या एका पोराचा नंबर दिला. पोरगा हुशार, बोलायला गोड. "दादा, नाइन एच आहे. पाच वर्षं बघायचं नाही."

मी विचारलं, "आणि डंपरची खडी उडाली तर?"

तो थोडा थांबला. मग खरं बोलला, आणि तिथेच मला तो पटला. खडीला कोटिंग काही करत नाही. नाइन एच म्हणजे हिऱ्याचा कडकपणा नव्हे, ती पेन्सिलीची फूटपट्टी आहे. वेगवेगळ्या कडक पेन्सिली ठरावीक दाबाने रंगावर ओढायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा येतो ते बघायचं. ९ एच त्यातली सगळ्यात कडक. जाहिरातीत मात्र तोच आकडा असा लावतात की वाटावं, आता गाडीवर हातोडा चालवा.

त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं. केबिनच्या दारावर त्याने ते टेकवलं. कुठे ११२, कुठे १२५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे पत्र्यावरचे सगळे थर मिळून दोन केसांएवढेही नाहीत. त्यातला वरचा पारदर्शक लॅकर चाळीस-पन्नास. सिरॅमिकचा थर त्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. बंपरवर यंत्र टेकवलं तर आकडाच येईना, कारण बंपर प्लास्टिकचा आणि यंत्राला लोखंड लागतं. खडीपासून वाचायचं तर पीपीएफ नावाची फिल्म मिळते, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड. तिचा भाव ऐकला आणि विषय तिथेच संपवला.

मग हे एक-दोन मायक्रॉन करतात काय? बाटलीत सिलिकाच्या जातीचं रसायन असतं. ते लॅकरला धरून कडक होतं आणि काचेसारखा गुळगुळीत थर बनतो. त्यावर पाणी, चिखल, चिकट रस पसरून बसत नाही. वॅक्सचं काम वेगळं. ते रंगावर नुसतं बसतं, त्याला धरत नाही. माझ्या डब्यातलं वॅक्स कार्नोबाचं होतं. ब्राझीलमध्ये एक ताडाच्या जातीचं झाड आहे, त्याच्या पानांवर हे मेण साठतं. नानांना सांगितलं तर म्हणाले, "ताडपत्री आपण वरून टाकतो, हे ताडाचं खालून लावायचं होय."

माझा पहिला बेत दोन्ही गाड्यांना सिरॅमिक करायचा होता. त्या पोरानेच नको म्हटलं आणि कारण दाखवलं. एका पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन त्याने ४०७ च्या दारावर चार वेळा घासलं. फडकं लालभडक. मग काळं फडकं घेऊन नव्या गाडीच्या दारामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी घासलं. काळ्यावर पांढरं काही आलं नाही. म्हणजे नव्या गाडीच्या रंगावर लॅकर आहे आणि ४०७ वर नाही. पेंटरचा साधा इनॅमल, एकच थर. तो वरून भुकटी होत जाणार. त्या भुकटीवर महागडं कोटिंग धरणार कशाला? तिथे वॅक्स बरं, उतरलं तर परत लावता येतं. मागे माल भरायच्या हौद्यालाही तेच. हौदा नुकताच बांधून रंगवलेला, रंग अजून आतून वाळत होता. ताज्या रंगावर महिना-दोन महिने काही लावू नये, आतली वाफ बाहेर पडू द्यावी. तर ठरलं, नव्या गाडीची फक्त केबिन.

ठरलं खरं, पण पोराच्या स्टुडिओचं शटर कारच्या मापाचं. आमचा हौदा त्याखालून जाईना. शेवटी हौदा जिथे बांधला त्या बॉडीवाल्याच्या शेडमध्येच काम करायचं ठरलं. पण तिथे दिवसभर ग्राइंडर चालतो. बॉडीवाला शेड बंद ठेवतो ती अमावस्येला. मग अमावस्याच धरली. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आधी शाम्पूने धुलाई. मग पोराने केबिनवर कसलंसं पातळ औषध फवारलं आणि म्हणाला, "दादा, आता बघा." दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या पत्र्यावर जांभळे ओघळ सुरू झाले, जांभळाचा रस सांडावा तसे. वास सडक्या अंड्यांचा. हौदा बांधताना ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडाल्या होत्या, त्यातले लोखंडाचे बारीक कण केबिनच्या रंगात रुतून बसले होते. ते औषध लोखंडाशी भिडलं की जांभळं होतं. नवी कोरी गाडी, पंधरा दिवसही झाले नव्हते. उद्या ते कण गंजले असते आणि पांढऱ्यावर तपकिरी ठिपके पडले असते. बॉडी बांधताना केबिनवर जुनी चादर टाका हे त्या दिवशी कळलं. कोटिंग करा नाहीतर करू नका, एवढं मात्र करा.

पोराने मला आणखी एक गंमत दाखवली. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या पत्र्यावरून हात फिरवायचा. नुसत्या बोटांना जे गुळगुळीत लागतं, ते पिशवीतून रव्यासारखं खरखरीत लागतं. मग साबणाच्या पाण्याबरोबर क्ले फिरवली, पोरं खेळतात तसल्या मातीचा गोळा. परत पिशवीतून हात फिरवला, तर हात निसटला. त्यानंतर मशीनने हलकं पॉलिश आणि स्पिरिटसारख्या वासाचं अल्कोहोल मारून पुसणं. पॉलिशमधलं तेल राहिलं तर कोटिंग रंगाला न धरता त्या तेलाला धरतं.

एवढं सगळं होईपर्यंत दुपारचे चार वाजले. प्रत्यक्ष कोटिंगला दोन तासच लागले. बाटली ३० मिलीची, खोकल्याच्या औषधापेक्षा लहान. छोट्या ठोकळ्याला कापड गुंडाळून त्यावर थेंब टाकायचे, दोन फुटांचा चौकोन आधी आडवा, मग उभा सारवायचा. थोड्या वेळात त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात, रस्त्यावर डिझेल सांडल्यावर दिसतात तसे. दिसले की लगेच पुसायचं, आधी एका फडक्याने, मग दुसऱ्या. उशीर झाला तर डाग तसाच कडक होतो. पावसाळी दमट हवेत ते आणखी लवकर धरतं. डाव्या आरशाखाली त्याचा एक हात चुकला, तो धुरकट डाग आजही आहे. तिरप्या उन्हात मला दिसतो, बाकी कुणाला दिसत नाही.

पहिले चोवीस तास पाणी लागू द्यायचं नव्हतं. रात्री अकराला पाऊस सुरू झाला आणि शेडच्या पत्र्याला बरोबर केबिनच्या वर भोक निघालं. मी आणि मामा ताडपत्री धरून उभे. मामा म्हणाले, "भाऊ, गाडीने माल झाकायचा असतो. आपण गाडी झाकतोय."

खरी फजिती तिसऱ्या दिवशी झाली.

पेठ रोडच्या आरटीओत पासिंग दुसऱ्या दिवशीचं. त्याआधी दारावर मालकाचं नाव, गाव आणि गाडीची वजनं लिहायची राहिली होती. पेंटरचाचा आले, वयाने नानांच्या बरोबरीचे, आडगाव नाक्यावरच्या निम्म्या गाड्यांवरची अक्षरं त्यांच्या हातची. त्यांनी खडूने रेघ आखायला घेतली, खडू सरकला. "तेल लावलंय का?" म्हणाले. दार फडक्याने पुसलं, ब्रश भरला आणि पहिलं अक्षर काढलं. अक्षराच्या कडा आत आकसल्या, मधेच रंग फाटला, वेलांटीचे तीन ठिपके झाले. चाचांनी ब्रश खाली ठेवला. चाळीस वर्षांत त्यांच्यावर पत्र्याने अशी पाळी आणली नसावी.

मी पोराला फोन लावला. त्याच्या आवाजावरून कळलं, हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. कारच्या दारावर कोण नाव लिहितं? पाणी धरत नाही, चिखल धरत नाही, तर ऑइलपेंट कसा धरेल? थिनरने पुसून बघितलं, काही फरक नाही. एकदा कडक झालेलं कोटिंग थिनरने निघत नाही, घासूनच काढावं लागतं. मग चाचांनी वॉटर पेपर घेतला आणि दोन्ही दारांवर हातभर रुंद पट्टा पाणी मारत घासला. माझ्या साडेअकरा हजारांतले किती रुपये त्या बादलीत गेले याचा हिशेब मी केला नाही. घासलेल्या जागी त्यांनी पिवळा पट्टा मारला आणि वाळल्यावर त्यावर काळी अक्षरं लिहिली. लोक विचारतात, पट्ट्याची आयडिया छान आहे, कुणाची? मी म्हणतो, चाचांची.

आधी अक्षरं, मग कोटिंग. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणि स्टिकरही आधीच लावून घ्यायचे, नाहीतर त्यांचा गोंद धरत नाही. आमच्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या सगळ्या हौद्यावर होत्या म्हणून तेवढं निभावलं.

४०७ चं काम मी आणि मामांनी घरीच केलं. पहिल्या दिवशी चूक केली. पावसाची उघडीप होती म्हणून उन्हातच सुरुवात केली. तापल्या पत्र्यावर वॅक्स ओढलं जाईना, चिकटून बसलं. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली, सकाळी, पत्रा गार असताना. आधी हाताने रबिंग. पाच फडकी लाल झाली आणि आतून असा रंग वर आला की नाना घरातून चष्मा घेऊन आले. मग स्पंजने वॅक्सचा पातळ थर. पातळ म्हणजे अगदी पातळ, जाड लावलं की नुसतं पुसत बसावं लागतं. दहा मिनिटांनी धुरकट झालं की मऊ फडक्याने चकाकवायचं. काळ्या रबरावर आणि प्लास्टिकवर लागू द्यायचं नाही, पांढरं धरतं. आम्ही लागू दिलं आणि नंतर जुन्या टूथब्रशने तासभर काढत बसलो. सगळं मिळून एक सकाळ आणि मामांच्या दोन चहांचा खर्च.

जुलैमध्ये दोन्ही गाड्यांवर पाणी सारखंच मोत्यांसारखं उभं राहायचं. ओळखा पाहू कुणाला काय लावलंय, असं कुणी विचारलं असतं तर मलाच सांगता आलं नसतं. ऑगस्टअखेर ४०७ वरचे मोती चपटे झाले. दसऱ्यापर्यंत तिच्यावर पाणी नुसतं पसरायला लागलं होतं, म्हणून तर आईचं स्वस्तिक तिच्यावर बसलं. पाऊस, ऊन आणि मधे एकदा मामांनी वापरलेली कपड्यांची पावडर, या तिघांनी मिळून वॅक्स उतरवलं. डब्यावर सहा महिने लिहिलं होतं. कामाच्या गाडीला दोन, फार तर अडीच धरा.

नव्या गाडीचा फायदा मला पहिल्यांदा कळला तो सप्टेंबरात, पिंपळगावकडे टोमॅटो भरताना. शेजारच्या बागेत बोर्डोची, म्हणजे त्याच मोरचूद-चुन्याची फवारणी चालू, वारा आमच्याकडे. दोन्ही गाड्या होत्या, दोन्ही शिंतोड्यांनी माखल्या. नव्या गाडीचे डाग रात्री घरी येऊन पाण्याच्या फवाऱ्याने निघाले. ४०७ चे घासावे लागले आणि तरी उजव्या दारावर फिकट ठिपके राहिले. चुना रंगाला खातो, तासभरही ठेवू नये. वाशीहून येताना काचेभोवती चिकटणाऱ्या किड्यांचंही तसंच. पूर्वी मामा नखाने खरवडायचे, आता ओलं फडकं पुरतं. मामांचा धुण्याचा वेळ निम्म्यावर आला. त्यांना विचाराल तर सिरॅमिकचा एवढाच अर्थ.

पण एप्रिलात त्याच सिरॅमिकने रडवलं. भर दुपारी मामांनी केबिन धुतली आणि न पुसता उन्हात सोडली. बोअरचं पाणी जड, त्यात क्षार भरपूर. कोटिंगवर थेंब पसरत नाही, जिथल्या तिथे गोल बसतो आणि तिथेच वाळतो. संध्याकाळी केबिनवर पांढऱ्या वर्तुळांची रांगोळी. साबणाने गेली नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने दोन मिनिटं टेकवलं, मग भरपूर पाणी, तेव्हा निघाली. ४०७ वर अशी वर्तुळं पडलीच नाहीत. पाच वर्षं बघायचं नाही म्हणे. उलट या गाडीला पुसून कोरडं करण्याचा जास्तीचा नाद लागला.

डिसेंबरात एकदा मला वाटलं कोटिंग गेलं. दारांच्या खालच्या भागावर पाणी पसरायला लागलं. मामांनी हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरला दोन-तीनदा गाडी दिली होती. तिथला पांढरा फेस इतका कडक की हाताला झोंबतो. पोराने येऊन परत ते जांभळं औषध मारलं, धुतलं, आणि मोती परत उभे राहिले. कोटिंग गेलं नव्हतं, वर धूर आणि लोखंडी धुळीचा थर बसला होता. जाताना तो हळूच म्हणाला, वॉरंटी टिकवायची तर दर सहा महिन्यांनी तपासणी, पंधराशे रुपये. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात होतं म्हणे. मी ती वॉरंटी सोडून दिली.

खडीचे टोले तर बसायचे ते बसलेच. काचेखाली सात ठिकाणी लॅकर उडालाय, मी मोजलेत. तिथे पेंटरचाचांकडून काडीने रंगाचा थेंब भरून घेतो. थेंब बसायच्या आधी जागा घासावी लागते, हे आता चाचा मला सांगतात.

पैशांचं म्हणाल तर ४०७ ला वर्षात पाच वेळा वॅक्स झालं, डबा अजून तळाशी आहे. पाच सकाळी त्यात गेल्या. नव्या गाडीला तीन दिवस उभं ठेवावं लागलं, आणि गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता उभा राहत नाही. ते तीन दिवस माझ्या हिशेबात साडेअकरा हजारांच्या वर आहेत. तरी परत घेईन तेव्हा केबिनला सिरॅमिकच करीन, पण पासिंग झाल्यावर, सीझन संपल्यावर, मे महिन्यात. आणि गाडी हायवेच्या वॉशिंग सेंटरवर धुतली जाणार असेल तर करणार नाही. तुमची गाडी कुणाच्या हातून धुतली जाते हे तुम्हाला माहीत नसेल तर वॅक्सचा डबा घ्या आणि अर्धा तास त्या माणसाबरोबर बसा. हौद्यावर सिरॅमिक करून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. फाळक्यावर दिवसातून दहा वेळा कॅरेट आपटतात.

यंदाच्या दसऱ्याला आईने मला गाडीजवळ येऊच दिलं नाही. ४०७ वर या वेळी आठवड्यापूर्वीचं ताजं वॅक्स होतं, म्हणजे तिलाही कुंकू लागणार नव्हतं. मी ते सांगायला गेलो तर तिने वाटी पुढे केली. कुंकू पाण्यात कालवलेलं नव्हतं. मारुतीच्या शेंदरासारखं, तेलात होतं. नव्या गाडीच्या पत्र्यावर तिने बोट टेकवलं आणि उभी रेघ सावकाश खाली आणली. कडेला थोडी थरथरली, पण राहिली. मग आडवी. मग चारी टोकं.

"बस झालं," ती म्हणाली. "आता आठ दिवस धुवायची नाही."

मी दुसऱ्या दिवशी वाशीहून येऊन रात्री अकराला धुतली. एका फडक्यात निघालं. ४०७ वरचं मात्र अजून आहे, फिकट गुलाबी.